हरळीची लावण

दीपमालानं गाडीत बसता बसता सासऱ्याच्या हातात एक कागद दिला. "मामा, ह्यात सगळं लिहिलंय बगा. बारा दिवस लॉनकडं तेवढं तुम्हीच बघायचं."

बब्रुवान अण्णांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कोर्टाची नोटीस घ्यावी तसा. नर्सरीवाल्यानं वर ठळक छापलं होतं, 'लॉनची बाराही महिने घ्यावयाची काळजी'. खाली महिनावार यादी होती. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, पावसाळ्यात दर आठवड्याला कापणी, थंडीत पाणी बेतानं, शिवाय बाराही महिने, महिन्यातून एकदा, हलक्या हातानं युरिया. गाडी वळणाआड जाईपर्यंत अण्णांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. नात शिवांजली पुण्याच्या कॉलेजात चालली होती. तिचं बस्तान बसवायला मुलगा वैजनाथ आणि सून दीपमाला, दोघंही रजा टाकून गेले होते.

अण्णा मूळचे अणदूरचे. एकाहत्तर वर्षांचं वय, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून शेत बटईनं कसायला देऊन आठ महिन्यांपूर्वी धाराशिवला मुलाकडं आले होते. सून बँकेत नोकरीला. स्वभावानं इतकी चांगली की अण्णांना तिचा रागही धड येईना. ताट उचलायला गेले की म्हणायची, "मामा, तुम्ही बसा." दळण आणायला निघाले, "मामा, तुम्ही बसा." आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं सारं आयुष्य वाकून काढलं त्यानं बसायचं तरी किती? आपण ह्या घरात घरचे की पाहुणे, हेच त्यांना उमगेना. दिवाळी झाली की अणदूरला परत जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

आणि आता हा कागद. आठ महिन्यांत पहिल्यांदा सुनेनं त्यांना काम सांगितलं होतं.

काम मात्र नेमकं गवताचं निघालं, ही देवाची गंमत म्हणायची. अण्णा आले तेव्हा अंगणात चांगली फरशी होती. दोन महिन्यांनी सुनेनं ती उखडली आणि सतरंजीसारख्या गुंडाळ्या आणून गवत अंथरलं. गवत इकत आणतात, हे अण्णांना त्या दिवशी कळलं. "मामा, आवडलं का?" तिनं विचारलं. "झ्याक हाय," अण्णा म्हणाले. सुनेच्या घरात राहणाऱ्या माणसाला सगळंच झ्याक म्हणावं लागतं. पण आतून त्यांचा जीव तुटत होता, कारण अण्णांनी चाळीस वर्षं गवताशी, त्यातही हरळीशी, उभा दावा मांडला होता. त्यांच्या पाच एकरांत हरळीची कांडी दिसली तर ते जेवत नसत. शेजारच्या बांधाचा श्रीमंत नावाचा शेतकरी आळशी, त्याच्या रानात हरळी माजलेली. ती बांध ओलांडून इकडं येते म्हणून अण्णांनी त्याला शिव्या घातल्या, चावडीत नेलं, आणि अकरा वर्षांपासून दोघांत बोलणं बंद होतं.

तर तिसऱ्या दिवशी अण्णांनी खत टाकायचं ठरवलं. श्रावणातली दुपार होती. दक्षिणेकडून, नळदुर्गाच्या अंगानं, काळंभोर आभाळ चढत होतं. शेतकऱ्यानं असं आभाळ बघितलं की हात आपोआप युरियाकडं जातो. पाऊस यायच्या आधी खत पडलं की ते बरोबर मुळाला लागतं. अण्णांनी कृषी केंद्रातून पिशवी आणली आणि ज्वारीला टाकावा तसा युरिया फेकला. कागदावर 'हलक्या हातानं' लिहिलं होतं, पण अण्णांचा हात शेतकऱ्याचा, तो हलका कसा पडणार?

शेजारचे महांतप्पा कुंपणावरून बघत होते. "अण्णा, वरनं पाणी मारा की. जळंल ते."

"पाणी आभाळ मारंल," अण्णा म्हणाले. "दोन तासांत येतंय. चाळीस साल आभाळ बघायलोय म्या."

आभाळ आलं, गडगडलं, अण्णांच्या अंगणावर सावली धरली आणि सरळ उत्तरेकडं निघून गेलं. खाली चार थेंबसुद्धा पडले नाहीत. हरकत नाही, उद्या नळाची पाळी आहे, असं म्हणून अण्णांनी धीर धरला. दुसऱ्या दिवशी नळाला फुसफुस वारा आला. मोठी पाइप फुटली होती, पाणी चार दिवसांनी. टाकीत तळाला बादलीभर होतं. अण्णांनी आंघोळ रद्द करून ते लॉनला घातलं, आणि पाच बोटांनी शिंपडलेलं ते पाणी गवतानं कुठल्या कुठं पिऊन टाकलं.

दोन दिवसांत लॉन पिवळं पडलं. सहाव्या दिवशी छपरावर घालावं असं पाचट झालं.

त्यात रोज संध्याकाळी दीपमालाचा व्हिडिओ कॉल. "मामा, गोळ्या घेतल्या का? जरा लॉन दाखवा की." अण्णा फोन धरत तेव्हा समोरच्याला एरवीही त्यांचं कपाळच दिसे, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. पहिल्या दिवशी त्यांनी कपाळ दाखवलं. दुसऱ्या दिवशी महांतप्पांच्या तुळशीच्या बुडाशी फोन नेला. "हे बग, कसं हिरवंगार."

"मामा, ही तर तुळस दिसायली."

"तिच्या मागं हाय ते. आता रेंज गेली बग," असं म्हणून अण्णांनी फोन बंद केला आणि कपाळाचा घाम पुसला. सत्तर वर्षांत ते एवढं खोटं बोलले नव्हते.

नर्सरीवाला म्हणाला, नवं लॉन मागवावं लागेल, पंधरा दिवस लागतील. अण्णांकडं सहा होते. त्याच्याकडं पडलेला गवताचा एक वाळका तुकडा त्यांनी हातात घेऊन उलटून बघितला. कांड्याकांड्याला मुळी, बारीक पान. ही तर हरळीचीच चुलत बहीण होती. जिच्याशी जन्मभर वैर केलं, तिच्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं. आणि आपल्या रानात तर औषधालासुद्धा ठेवली नव्हती. म्हणजे जायचं ते श्रीमंतच्या दारात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अण्णा अणदूरला उतरले. श्रीमंत बांधावर तंबाखू मळत बसला होता. अकरा वर्षांनी दोघं समोरासमोर आले.

"पाय कसा हाय?" श्रीमंतनं विचारलं.

"बरा हाय." अण्णांनी सोयाबीनचं एक पान खुडलं. मग म्हणाले, "श्रीमंत, हरळी पायजे होती."

श्रीमंतची बोटं तळहातावर थांबली. "काय पायजे?"

"हरळी. दोन खोल्यांएवढी."

"पुना भांडाय आलास व्हय रं?"

"न्हाय. खरंच पायजे."

"अकरा साल माझ्या हरळीला शिव्या घातल्यास. चावडीत नेलास मला. आन् आता मागायलास?"

"मागायलोय," अण्णा म्हणाले, आणि खत, आभाळ, नळ, तुळस सगळं सांगून टाकलं. श्रीमंतनं तंबाखू तशीच हातात ठेवून ऐकलं. तुळशीपाशी त्याला राहवलं नाही. तो पोट धरून हसला, ठसका लागेपर्यंत हसला.

"सुनंला एवढं भितुस?"

"भीत न्हाय रं. लई गुणाची पोर हाय ती." अण्णांचा आवाज खाली आला. "पर आठ महिन्यांत पैल्यांदा तिनं मला काम सांगितलं. तेबी म्या वाळवलं. आता ती पुना कशाला सांगंल? मग म्या तिथं काय करायचं?"

श्रीमंतचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यानं तंबाखू टाकून दिली आणि झाडाखालची कुदळ उचलली. "ही बांधावरची नको. जाड पानाची हाय, वळखील ती. वढ्याच्या कडंला बारीक पानाची हाय, मऊ. तिकडं चल."

अकरा वर्षं ज्याला आळशी म्हटलं, त्याला आपल्या रानातली हरळी पानापानानं ठाऊक आहे, हे बघत अण्णा त्याच्या मागं ओढ्याकडं निघाले. दोघांनी मातीसकट ढेपा काढल्या आणि श्रीमंतच्या पुतण्याच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत भरल्या. गाडी गावातून निघाली तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. बब्रुवान हरळी घिऊन चाललाय, ही बातमी गाडीच्या पुढं पळाली. दगडाबाई म्हणून त्यांची एक चुलत भावजय गाडी थांबवून पुढं आली. तिनं खंडोबाचा भंडारा अण्णांच्या कपाळाला लावला आणि श्रीमंतला हळूच म्हणाली, "ऊन लागलंय भावजींच्या डोस्क्याला. एकटं सोडू नगंस."

श्रीमंतनं ते मनावर घेतलं. तो दोन दिवस धाराशिवला राहिला. दोघं म्हातारे पोत्यावर बसून ओळीनं ढेपा लावत होते आणि मधेच पिठलं-भाकरी खाऊन पुन्हा भांडत होते.

"दाट लाव की रं."

"हरळी लावायचं तू मला शिकवू नगंस. जन्मात कधी लावलीस का?"

"तू तर कुठं लावलीस? तुझी आपापच आली हुती."

तिसऱ्या दिवशी नळ आला आणि, कुणी बोलावलं नसताना, पाऊसही आला. आपल्या अंगणात हरळी धरते की नाही, याची काळजी करत बब्रुवान अण्णा खिडकीत उभे होते, हे सांगितलं तर अणदुरात कुणी विश्वास ठेवणार नाही. पण ती धरली. बाराव्या दिवसापर्यंत अंगण असं हिरवंगार झालं की नर्सरीवाल्यानं बघितलं असतं तर धंदा बदलला असता.

गाडीतून उतरताच दीपमाला दारातच थांबली. "मामा, किती छान ठेवलंय लॉन. मी होते तेव्हासुद्धा एवढं हिरवं नव्हतं."

अण्णांनी कागद खिशातून काढला आणि म्हणाले, "ह्याच्यात लिव्हल्यापरमानं केलं." इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात महांतप्पांची बायको तारामती हातात परडी घेऊन फाटकातून आत आली.

"अण्णा, आज संकष्टी हाय. तुमच्या अंगणातल्या एकवीस दूर्वा घिऊ का? लई कवळ्या निघतात."

दूर्वा निघतात त्या हरळीला, लॉनला नाही. तारामतीनं बसून दूर्वा खुडल्या, मोजल्या आणि निघून गेली. दीपमाला खाली वाकली. तिचं माहेर तेरखेड्याचं, शेतकऱ्याच्या घरचं. तिनं एक कांडी उपटली आणि बोटांत फिरवून बघितली.

"मामा, ही हरळी हाय."

अण्णा पायरीवर बसले. "माझ्याच्यानं वाळलं गं ते. आभाळ बघून खत टाकलं, आन् आभाळ फिरलं. तुळस दाखवली ती महांतप्पाची हुती. ही श्रीमंतच्या वढ्याची हाय." एवढं बोलून त्यांना दम लागला. "तुला कळलं तर तू परत काय सांगायची न्हाईस, ह्येच्या भ्यानं केलं सगळं."

दीपमाला त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. ती हसत होती की रडत होती, हे वैजनाथला बॅगा हातात घेऊन उभं राहूनही कळेना.

"मामा, मला कुठं पायजे होतं लॉन?"

"म्हंजी?"

"तुम्ही आलात ना, तेव्हा दिवसभर त्या फरशीकडं बघत बसायचात. मला बघवायचं न्हाय. ह्यांना म्हणलं, मामांच्या डोळ्यापुढं काहीतरी हिरवं पायजे, तरच करमंल त्यांना. मग तुम्ही झ्याक म्हणलात. रोज तासन् तास बघत बसायचात. मला वाटलं, जीव लागला तुमचा. म्हणून तर पुण्याला जाताना हक्कानं तुमच्या हवाली केलं."

अण्णांनी डोळे पुसले आणि मग त्यांना हसू फुटलं. "अगं पोरी, बघत बसायचो ते ह्येला उपटू कधी, ह्या इचारानं."

"मग सांगायचं की. काय पायजे होतं तुम्हाला अंगणात?"

अण्णा लाजले. एकाहत्तर वर्षांचा माणूस लाजला की बघण्यासारखा दिसतो. "मेथीचा एक वाफा. कोथमीर. चार वांग्याची रोपं. तुला डब्यात भाजी झाली असती."

"मग लावा की. उद्याच."

"आता कुठलं?" अण्णांनी अंगणाकडं हात केला. "आता हरळी हाय. ह्यातली अर्धी कांडी जरी भुईत राहिली तरी महिन्यात पुना अंगणभर. आदी ही काढावी लागंल. रोज बसून, वाफ्यावाफ्यानं."

"किती दिवस लागतील?"

अण्णांनी डोळे बारीक करून ह्या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नजर टाकली. गुडघा चोळला. जाणकार माणूस खोटं कसं सांगणार?

"दिवस कसलं, पोरी. माझी हयात बी पुरायची न्हाय."

"मग तर झालंच," दीपमाला म्हणाली. "म्हंजी आता तुम्हाला हे घर सोडून कुठं जाता यायचं न्हाय."

दिवाळीनंतरचा बेत तिला कधी कळला होता, कुणी सांगितला होता, अण्णांना काही समजेना. त्यांनी पुन्हा एकदा त्या हिरव्यागार, माजलेल्या, जन्मात न मरणाऱ्या हरळीकडं बघितलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ती बरी वाटली.

"न्हाय," ते म्हणाले. "आता कुठलं जमतंय."