मधलं सोडा

सोनवणे सरांना कुठलीही गोष्ट सांगायला लागा, ते खडूनं पांढरं झालेलं बोट वर करतात आणि म्हणतात, "मधलं सोडा. निघालात कुठून, पोचलात कुठं?"

मी साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या दाखवतो. माझं पोटच बोलण्यावर चालतं. अशा माणसाच्या नशिबी इकडं गुजराती मुलखात, डिंडोलीत, भिंतीला भिंत लागून नेमका हाच शेजारी यावा, याला काय म्हणावं!

सर नववीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेतात, आणि त्यातही सरासरी वेग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. फळ्यावर आडवा अक्ष वेळेचा, उभा निघाल्या जागेपासूनच्या सरळ अंतराचा, म्हणजे विस्थापनाचा. निघाल्याचा एक ठिपका, पोचल्याचा दुसरा. दोन्ही पट्टीनं जोडले की झालं. रेघ जितकी चढी, तितका वेग जास्त. गाडी मधे पळाली, थांबली, रुसली, सरासरीला त्याच्याशी देणंघेणं नाही, असं ते मुलांना सांगतात. इथवर ठीक आहे. पण सरांनी हा नियम सगळ्या जगाला लावला.

एकदा धुळ्याहून येताना आमची बस नवापूरजवळ बंद पडली. ड्रायव्हर चिडून झाडाखाली झोपला, एका बाईच्या पिशवीतून कोंबडी सुटली आणि अख्खी बस तिच्यामागं धावली. घरी येऊन मी मोठ्या हौसेनं सांगायला बसलो, तर कोंबडी सुटायच्या आतच सरांचं बोट वर. "सरळ रेषेत दोनशे किलोमीटर, तास दहा. ताशी वीस, पश्चिमेला. पुढं?" पुढं काय, कपाळ! ती कोंबडी अजून माझ्या पोटात आहे.

माझी बायको भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन घामाघूम होऊन परत आली, तेव्हा सरांनी तिला जिन्यातच ऐकवलं, की जिथून निघालात तिथंच आलात, म्हणजे विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य. महिनाभर आमच्या घरून त्यांना ठेचा गेला नाही.

पत्नी गेल्यापासून सर एकटेच राहतात. एकुलती मुलगी वैशाली जळगावला दिलेली. फोनवर तिनं काही सांगायला घेतलं की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "मधलं सोड बेटा, बरी आहेस ना?" ती बरी आहे म्हणाली की फोन बंद.

गेल्या महिन्यात एका दुपारी तीच वैशाली दोन बॅगा घेऊन रिक्षातून उतरली. चेहऱ्यावरूनच गल्लीला कळलं, की ही पाहुणी म्हणून आलेली नाही. समोरच्या जशोदाबेन काय झालं विचारत लगबगीनं पुढं आल्या, "शुं थयुं, बेटा?" त्यांच्यामागं आणखी चारजणी. मीही होतो, खोटं कशाला बोलू. सर शिकवणी तशीच टाकून बाहेर आले आणि त्यांनी बॅगा उचलल्या.

"इथून निघाली, इथंच आली," ते म्हणाले. "मधलं कोणी विचारायचं नाही."

गल्ली पांगली. सरांचा तो नियम मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

संध्याकाळी बायकोनं भाकरी आणि भरीत देऊन मला तिकडं पाठवलं. दार अर्धवट उघडं होतं. फळ्यावर दुपारचा आलेख तसाच. वैशाली खाली मान घालून बसली होती. बापाची सवय तिला लहानपणापासून ठाऊक, म्हणून तिनंच दोन ठिपके देऊन टाकले. पप्पा, सकाळी निघाले, दुपारी पोचले, एवढंच, असं म्हणाली.

 सर उठले आणि त्यांनी तळहातानं फळ्यावरची सरळ रेघ पुसून टाकली. नुसते दोन ठिपके राहिले. खाली लेकीशेजारी बसून ते घरच्या अहिराणीत म्हणाले, "आते मधलं समदं सांग माले. काहीच सोडू नको. मी आयकी ऱ्हायनू."

वैशालीला रडू फुटलं. ती बोलायला लागली. मी ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि पाय न वाजवता मागं फिरलो.

घरी बायको वाट बघत होती. काय झालं, कशी आहे पोर, सगळं नीट सांगा, म्हणाली. एरवी मी या गोष्टीला तासभर लावला असता.

"ताट घेऊन गेलो, ठेवून आलो," मी म्हणालो.