घरच्या घरी छापलेले आप्पा

“कव्हर छापायला दुकान कशाला पायजे? घरात प्रिंटर काय शोभेला ठेवलाय?”

अंबाजींनी हे वाक्य फोटोवाल्याच्या तोंडावर फेकलं, तेव्हा तो बिचारा त्यांच्या लेकीच्या, स्वरूपाच्या लग्नाचं चित्रीकरण नाइलाजानं डीव्हीडीवर भरत होता. डीव्हीडी आता कोण घेत नाही, पेन ड्राइव्ह घ्या, हे त्यानं आधीच परोपरीनं सांगून बघितलं होतं. अंबाजी ऐकतात होय!

“पेन ड्राइव्ह शोकेसमध्ये ठेवला तर दिसंल काय? नखाएवढी वस्तू! लोक म्हणतील, पोरीच्या लग्नाची आठवण म्हणून ह्यानं पाव्हण्यास्नी फ्यूज वाटला! डीव्हीडीच पायजे. डबीसकट!”

फोटोवाल्यानं कुठल्यातरी गोदामातून धूळ झटकून डब्या आणल्या. कव्हराचा नमुनाही दाखवला. बर्फाचे डोंगर, मध्ये गुलाबी बदाम आणि बदामात नवरानवरी!

“आमची पोरगी बर्फात कवा गेलती?” अंबाजी कडाडले. “द्या कोऱ्या डब्या. कव्हर मी बघतो!”

अंबाजी मच्छे गावातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आयुष्यभर नटबोल्ट मोजल्यामुळं जगातली कुठलीही वस्तू आपण उघडू शकतो, असा त्यांचा समज होता. उघडायचेही. बंद करण्याची मात्र त्यांना सवय नव्हती. त्यांनी घरच्या घरी दुरुस्त केलेल्या मिक्सरजवळून जाताना बायको, अंजनी, अजून पदर सावरून भिंतीकडेनं जायची.

“अवो, नगासा त्या भानगडीत पडू,” ती म्हणाली. “पाव्हण्यांच्या घरात द्यायची वस्तू हाय.”

“म्हणून तर! विकत कुणीबी देतंय. इवायानं स्वतःच्या हातानं छापलंय म्हटल्यावर आप्पांची छाती फुगंल.”

आप्पा म्हणजे स्वरूपाचे सासरे, खानापूरचे भावकू आप्पा. दूध सोसायटीचे चेअरमन! गावात म्हशीनं शेण टाकलं तरी आधी आप्पांना कळवायची पद्धत. कुठल्याही फोटोत मधोमध उभं राहायचं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांनी नवरानवरीला एका बाजूला सरकवून मधली जागा पटकावली होती. उजवीकडं नवरानवरी आणि अंबाजींची माणसं, डावीकडं विहीणबाई मालुबाई आणि खानापूरकर, मध्ये फेटा बांधलेले आप्पा!

अंबाजींनी हाच फोटो निवडला. डबीचं कव्हर म्हणजे एक लांब कागद. उजवा भाग दर्शनी, डावा भाग पाठीमागं, आणि मध्ये डबीच्या जाडीएवढी बोटभर पट्टी. अंबाजींनी पट्टी लावून मापं घेतली, फोटो अख्ख्या कागदावर पसरवला. मोठ्या कंपन्या मागच्या बाजूला सूचना छापतात, म्हणून मागच्या बाजूला खाली सूचनाही टाकल्या. प्रिंटर खाकरला, खोकला, आणि कागद बाहेर आला. रंग असे झकास, की अंजनीचा शालूसुद्धा लग्नात दिसला नव्हता तेवढा भारी दिसत होता!

रविवारी अंबाजी डब्यांची पिशवी घेऊन बसनं खानापूरला गेले. आप्पांनी चष्मा लावला. डबी पुढून बघितली. नवरानवरी होती, अंबाजी होते, अंबाजींचा मेहुणाही होता. मागून बघितली. मालुबाई होत्या, गावकरी होते.

“आन मी कुठं हाय?”

अंबाजींनी हसत हसत डबी हातात घेतली आणि त्यांचं हसू तिथंच वाळलं. घडी बरोबर आप्पांवर पडली होती! एक डोळा पुढं, एक डोळा मागं, आणि मधल्या बोटभर पट्टीवर उभं नाक! मिशीच्या एका टोकाची शेपूट पुढच्या बाजूला स्वरूपाच्या खांद्यावर पाल बसावी तशी बसली होती.

“चेअरमनला फटीत घातलं व्हय, पाव्हणं?” आप्पा हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मालुबाईंनी दुसरी डबी उचलली. आपला फोटो बघून त्या खूश झाल्या. मग फोटोखाली काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला लागल्या.

“‘उन्हात ठेवू नये. काम झाल्यावर बंद करून ठेवावी. ओरखडा पडल्यास तेच तेच पुन्हा पुन्हा वाजते...’”

जावई मंथन दाराआड जाऊन तोंडात रुमाल कोंबून बसला. तो आपल्या आईला लहानपणापासून ओळखत होता.

“विहीणबाई, ते डीव्हीडीबद्दल हाय,” अंबाजी चाचरले.

“डीव्हीडी आत हाय. भाईर माझा फोटो हाय! मी तेच तेच वाजते व्हय? कुणी सांगितलं तुम्हाला, मी तेच तेच वाजते? सुनंनं सांगितलं? मी कवा तेच तेच वाजते? सांगा की, कवा तेच तेच वाजते?”

अंबाजींनी पिशवी उचलली. निघताना आप्पांनी बॉम्ब टाकला, “स्वरूपा औंदा पंचमीला येणार न्हाय म्हणून सांगा अंजनीबाईस्नी.”

लग्नानंतरची पहिली नागपंचमी! अंजनीनं पोरीसाठी साडी घेऊन ठेवली होती, तंबिटाच्या लाडवांना डाळ भाजून ठेवली होती. तिनं भाजलेल्या डाळीचा डबा नवऱ्याच्या समोर आपटून ठेवला. अंबाजींना जेवण गेलं नाही.

पण ते हार मानणाऱ्यांपैकी नव्हते. दुर्दैवानं!

‘आप्पांना फटीत घातलं ना? आता दर्शनी भागावर फक्त आप्पा!’ अंबाजींनी व्याहीभेटीतला आप्पांचा फोटो शोधून काढला. गळ्यात झेंडूचा जाडजूड हार, हात जोडलेले. फ्लॅशमुळं डोळे तेवढे मिटले होते. ‘कसं शांत दिसतंय माणूस!’ असं म्हणून त्यांनी तो मोठा केला. वर लिहिलं ‘गोड आठवणी’. खाली दोन ओळींत लिहिलं ‘सदैव स्मरणात राहील’ आणि ‘असा विवाहसोहळा’. बाजूला बारीक अक्षरात ‘अंबाजी व समस्त परिवार’. कातरताना हात वाकडा जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी जाड काळी रेघ मारली.

छापायला बसले तर रंगीत शाई संपलेली. टिळकवाडीतल्या दुकानात पळाले.

“कलर इल्ल री. नाळे बर्री,” दुकानदार मोबाइलवरची मान न उचलता म्हणाला.

उद्या या म्हणे! उद्यापर्यंत थांबला तर तो अंबाजी कसला? काळी शाई भरपूर होती. ‘काळ्या-पांढऱ्यात माणूस जास्त भारदस्त दिसतो,’ असं स्वतःला समजावून त्यांनी कागद काढला आणि रेघेला पट्टी लावून कातरला. तेवढ्यात रेघेबाहेर राहिलेली खालची एक ओळ कटली. कटली तर कटली, ‘सदैव स्मरणात राहील’ एवढं पुरेसं आहे की! कारखान्याला जाता जाता त्यांनी कव्हराचा फोटो काढून पाव्हण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडला, आणि आत जाताना नियमाप्रमाणं मोबाइल गेटवर जमा केला.

वाचकहो, आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. काळी चौकट. गळ्यात हार. मिटलेले डोळे. सदैव स्मरणात राहील!

दुपारी कारखान्याच्या गेटवर अंजनी रडत उभी! “अवो, आप्पा गेले! निपाणीच्या आत्तीचा फोन आलता! ग्रुपवर आलंय म्हणं!”

अंबाजी मटकन खाली बसले. “अगं, परवा तर मला घरातनं हाकललं की त्यांनी! चांगले ठणठणीत व्हते!”

“मनाला लावून घेतलं असंल,” अंजनी हुंदक्यातून म्हणाली. “तुम्ही फटीत घातलासा ते.”

हे ऐकल्यावर अंबाजींना ग्रुप बघायचं भान कुठलं? स्वरूपाला फोन लावला तर सारखा व्यस्त. खानापूरचे सगळेच फोन व्यस्त! दुखवट्याच्या घरी न्यायचं म्हणून पद्धतीप्रमाणं अंजनीनं भाकरी-पिठल्याचं गाठोडं बांधून आणलं होतं. दोघं बसमध्ये चढली. ‘माणूस मारला मी,’ अंबाजी खिडकीच्या गजाला डोकं टेकून पुटपुटत होते. कंडक्टरनं घाबरून तिकीट द्यायला दुसऱ्या दारानं चक्कर मारली.

तिकडं आप्पांच्या अंगणात वेगळाच प्रकार चालला होता. आप्पा बनियनवर बसून पोहे खात होते. तेवढ्यात त्यांची बहीण फाटकापासून गळा काढत आली आणि थेट मालुबाईंच्या गळ्यात पडली.

“काय झालं गं आक्का? कोण गेलं?” आप्पांनी घाबरून विचारलं.

“तूच की रं भावकू!” म्हणून ती आणखी मोठ्यानं रडली, आणि मग आपण कुणाला उत्तर दिलं हे लक्षात येऊन भोवळ येऊन पडली.

मागोमाग गाव लोटलं. आप्पांनी पोह्याची बशी हातात धरून प्रत्येकाला ‘मी हाय, मी हाय’ म्हणून सांगावं आणि लोकांनी ‘धीर धरा’ म्हणून त्यांचाच खांदा थोपटावा! सगळ्यात शेवटी सोसायटीचे व्हाइस चेअरमन मष्णू आले. हातात हार, चेहऱ्यावर घाईत लावलेलं दुःख. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आधीच येऊन पडला होता. ‘आप्पांच्या जाण्यानं झालेली पोकळी भरून काढायला आम्ही समर्थ आहोत.’

“मष्णू,” आप्पा म्हणाले, “पोकळी अजून पोहे खायला लागलीय.”

मष्णूंनी हार पाठीमागं लपवला. “तब्येतीची चौकशी करायला आलतो.”

“हार घेऊन?”

नेमके ह्याच वेळी अंबाजी फाटकातून आत शिरले. समोर कोण उभं आहे, कोण बसलं आहे, काही बघितलं नाही. तुळशीपाशी लोळण घेतली आणि टाहो फोडला, “आप्पा! मला माफ करा आप्पा! मीच मारलं तुम्हाला! त्या फटीनं घात केला!”

“उठा पाव्हणं,” वरून ओळखीचा आवाज आला.

अंबाजींनी मान वर केली. बनियन, मिशी, हातात पोह्याची बशी. अंजनीच्या हातातलं गाठोडं गळून पडलं आणि भाकरी घरंगळत मष्णूंच्या पायापाशी गेली.

स्वरूपानं पुढं होऊन मोबाइल वडलांच्या नाकासमोर धरला. “बाबा, हे तुम्हीच टाकलंय न्हवं?”

अंबाजींनी बघितलं. आपणच केलेलं कव्हर! पण आता इतकं रडून झाल्यावर बघितलं तर... त्यांनी हातानं मोबाइलच झाकला. “ते... ते लग्नाचं कव्हर हाय. खालची ओळ कटली.”

“ओळ कटली ते जाऊ दे,” मालुबाई कडाडल्या. “‘राहील’ म्हणं! एवढा चेअरमन माणूस, मेल्यावर तरी ‘राहतील’ म्हणायचं! मान न्हाय, पान न्हाय...”

“तू गप. तेच तेच वाजू नगंस,” आप्पा म्हणाले, आणि अंगणात कुणीतरी फसकन हसलं. आप्पांनी अंबाजींना हाताला धरून उठवलं. आता कानाखाली बसणार म्हणून अंबाजींनी डोळे मिटले.

“पाव्हणं, मघापासनं माणसं येऊ लागल्यात. बायका रडल्या, ते त्यांचं कामच हाय. माझा सख्खा भाऊ आला, त्यानं आधी शेताच्या बांधाचं विचारलं. ह्यो मष्णू माझी खुर्ची मापायला आलता. मातीत लोळून माझ्यासाठी रडलेला पुरुष तुम्ही एकटं!” आप्पांचा आवाज जरा ओला झाला. “स्वरूपाला न्या पंचमीला. आजच न्या.”

अंजनीनं लेकीला मिठीत घेतलं. मंथन बॅग भरायला आत पळाला. मष्णू कुणाच्या लक्षात न येता फाटकाबाहेर सटकले. मालुबाईंनी भाकरी झटकून गोळा केल्या, आणलेलं पिठलं गरम केलं, आणि आप्पांच्या दुखवट्याचं जेवण आप्पांच्याच पंक्तीला सगळे जेवले.

“आप्पा, डीव्हीडी बघितलासा काय?” हात धुताना अंबाजींनी भीत भीत विचारलं.

“कशात बघू? ते यंत्र भंगारात घालून जमाना झाला. पोरांनी लग्न मोबाइलवर बघितलं, फोटोवाल्यानं लिंक धाडलती म्हणं.” आप्पांनी स्वरूपाचा मोबाइल मागून घेतला, लांब धरून काळी चौकट न्याहाळली. “फोटो मातर झ्याक आलाय. मोठा करून फ्रेम करून ठेवा. कवा ना कवा लागणारच हाय.”

अंबाजींची छाती फुगली. डोळ्यांत पुन्हा तीच चमक आली. “रंगीत काढतो, आप्पा! शाई आली की आपल्या घरातच...”

“दुकानातनं!” अख्खं घर एका सुरात ओरडलं.