गाठोडे पश्चिमेला गेले

रविवारी सकाळी, चहा अर्ध्यावर असताना, मुलुंड पूर्वेच्या आठल्यांच्या घरात इरावतीने आपली निळी फाइल टेबलावर पालथी केली, त्यातला एकेक कागद दोनदोनदा उलटून पाहिला आणि खाली बसत ती म्हणाली, "वाट लागली."

फाइलमध्ये जर्मनीच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते, विम्याचा कागद होता, विमानाचे तिकीट होते, आणि पद्मजाआजीने मेतकुटाची कृती लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा होती. पासपोर्ट तेवढा नव्हता. विमान त्याच संध्याकाळचे होते.

मग घरात जे व्हायचे ते झाले. इरावतीच्या वडिलांनी, यज्ञेशने, नीट बांधलेल्या दोन्ही बॅगा उघडल्या. पद्मजाबाईंनी आधी देवघर, मग फ्रीज धुंडाळला. एकटे नंदकुमार आठल्ये, म्हणजे इरावतीचे आजोबा, खिडकीजवळच्या खुर्चीत स्वस्थ चहा घेत होते. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या अंगी घाई नावाचा गुण कधी उतरलाच नव्हता. कप बशीत ठेवून, उपरण्याच्या टोकाने ओठ टिपून ते म्हणाले, "एवढे शोधायचे कशाला? पासपोर्ट प्रस्थानात आहे."

"कशात?" यज्ञेश आणि इरावती एकदम ओरडले. पद्मजाबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांना प्रस्थान म्हणजे काय ते ठाऊक होते, आणि नवराही ठाऊक होता. त्या फक्त कपाळाला हात लावून भिंतीला टेकल्या.

गोष्ट अशी होती. जर्मनी पश्चिमेला, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघणे अशुभ. विमान कंपनीला पंचांग ठाऊक नसल्याने तिकीट नेमके रविवारचे निघाले. परंतु अशा अडचणीवर आपल्या पूर्वजांनी मोठा सुरेख तोडगा काढून ठेवला आहे. प्रवाशाला शुभ दिवशी निघता येत नसेल, तर त्या दिवशी त्याची एखादी प्रिय वस्तू, अक्षता आणि सुपारी वस्त्रात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवासी मुहूर्तावर निघाला असे होते. पुढे सोयीच्या दिवशी ते गाठोडे उचलून मार्गस्थ व्हायचे. हे प्रस्थान. त्याप्रमाणे गुरुवारी आजोबांनी आपले जुने रेशमी उपरणे पसरले आणि नातीला विचारले, "इरा, तुला सध्या सर्वांत प्रिय असे काय आहे?"

इरावती एका कानाला फोन लावून, बॅगेवर बसून तिची चेन ओढत होती. ती म्हणाली, "पासपोर्ट, आजोबा! दुसरं काय? तो आहे तर मी आहे."

नातीचा हा विवेक पाहून आजोबांना भरून आले. त्यांनी टेबलावरचा पासपोर्ट आदराने उचलला, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि उपरण्यात बांधला. मग ते गाठोडे समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या शेवंतीबाई गावड्यांच्या हवाली केले. शेवंतीबाई मूळच्या मालवणकडच्या. पती गिरणीत होते. गिरणी गेली, पती गेले, पण बाईंची श्रद्धा होती तशीच राहिली. आजोबांनी त्यांना तीन नियम समजावले होते. गाठोडे भुईवर ठेवायचे नाही, एकटे सोडायचे नाही, आणि कोणत्याही परिस्थितीत मागे फिरवायचे नाही.

"अहो, पण सांगायचंत तरी!" पद्मजाबाई म्हणाल्या.

"त्यात सांगायचे काय? जाताना ते उचलायचेच होते. समोर तर आहे."

समोर कुलूप होते. यज्ञेशने शेवंतीबाईंना फोन लावला, तेव्हा त्याची घंटी कुलपाच्या आतून ऐकू आली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी सांगितले, शेवंतीबाई शुक्रवारीच चारकोपला गेल्या, भाचीला मुलगा झालाय.

चारकोपचे घर पद्मजाबाईंना माहीत होते. त्या भाचीच्या लग्नात त्यांनी तिथे आहेर दिला होता. झटपट ठरले. यज्ञेश आणि पद्मजाबाई बॅगा घेऊन थेट विमानतळावर जातील. इरावती आणि आजोबा गाठोडे घेऊन तिथेच येतील.

"तुम्ही कशाला?" पद्मजाबाईंनी नवऱ्याला विचारले. "ठाण्याला जायचं तर आदल्या दिवसापासून पाय दुखतात तुमचे."

"गाठोडे मी ठेवले आहे," आजोबा उठत म्हणाले. आवाज नेहमीसारखाच संथ होता, पण चपला त्यांनी उलट्यासुलट्या घातल्या.

एक सांगायला हवे. आजोबांनी जन्मात प्रवास असा केला नव्हता. मुंजीच्या दिवशी, रीतीप्रमाणे, हातात दंड आणि खांद्यावर झोळी घेऊन विद्येसाठी काशीला जायला ते निघाले होते; मांडवाच्या दारापर्यंत पोचलेही होते. तिथे मामा आडवा आला. "काशीला जाऊ नकोस, माझी मुलगी देतो," असे म्हणून त्याने बटूला परत फिरवले. मामाला मुलगी नव्हतीच, तो भाग निराळा. पण तेव्हा परतलेले नंदकुमार पुन्हा कुठे निघालेच नाहीत. हिमालय, कावेरी, अवंती, सारे त्यांनी वर्गात बसून मुलांना दाखवले. "प्रवास मनाने करावा. सामान लागत नाही," असे ते म्हणत. पासपोर्ट काढण्याचा विषय यज्ञेशने दरवर्षी काढावा आणि आजोबांनी दरवर्षी हसून टाळावा, हा त्या घरचा कुळाचारच झाला होता.

रिक्षात इरावती तासाच्या हिशेबाने नखे खात होती. "आजोबा, मिळेल ना हो?"

"शेवंतीबाईंच्या हाती दिलेली वस्तू हरवायची नाही," आजोबा म्हणाले. हे त्यांचे म्हणणे पुढे अक्षरशः खरे ठरले, आणि तीच तर अडचण झाली.

चारकोपला शेवंतीबाई मांडीवर बाळ घेऊन तेल लावत बसल्या होत्या. आजोबांना दारात पाहून त्यांना आनंद झाला. "सर! बाळाक बघूक इलात?"

"बाळ उत्तम आहे. शेवंतीबाई, आमचे गाठोडे?"

"गाठोडा? ता हय खंय? ता गेला फुडे!"

इरावतीने दाराची चौकट धरली. "पुढे म्हणजे कुठे, काकू?"

"अगो, तुझ्या आजोबांनीच सांगितल्यानी ना, मागे फिरवूचा नाय म्हणान? एकटा ठेवूचा नाय, म्हणान मी ता माझ्यावांगडा घेवन हय इलंय. आता मी उद्या मुलुंडाक परत जातलंय. माझ्यावांगडा गाठोडाय परत येतला. म्हणजे ता मागे फिरला नाय? तुझ्या विद्येक माझ्यामुळे विघ्न नको, बाये. म्हणान शकुच्या हातात दिलंय. ती मढाक रवता. तुझा विमान पश्चिमेक जाता ना? मढ पश्चिमेक. पश्चिमेकच धाडलंय!"

आजोबांनी शेवंतीबाईंकडे कौतुकाने पाहिले. त्यांच्या नियमांतून इतका निर्दोष निष्कर्ष त्यांच्या वर्गातल्या कुणीही कधी काढला नव्हता. ते म्हणाले, "युक्तिवाद बिनतोड आहे."

"आजोबा, कौतुक नंतर!" म्हणत इरावतीने शकुचा नंबर घेतला. शकु ही शेवंतीबाईंची दुसरी भाची. तिने फोन पहिल्याच घंटीला उचलला.

"हो हो, गाठोडं आहे ना. एकदम सेफ."

"शकुताई, प्लीज, तू ते घेऊन मालाडपर्यंत येशील का? मी तिथे येते."

"मी येईन गं. पण गाठोडं नाही आणता येणार. मावशीनं गळ्याशपथ घातलीय, मागं फिरवायचं नाही. तूच ये ना. आणि हे बघ, ते सरांच्याच हातात द्यायचं, असंही सांगितलंय तिनं."

पुन्हा रिक्षा. मालाड, मार्वे, मग मढचा रस्ता. रविवारी अर्धी मुंबई समुद्र पाहायला निघते, आणि ती सगळी त्या दिवशी या दोघांच्या पुढे होती. यज्ञेशचे फोन येत होते. त्याच्या हातून फोन ओढून पद्मजाबाईंनी विचारले, "कुठे आहात?"

"मढच्या वाटेवर," आजोबा म्हणाले.

"तुम्ही? मढला?" इतके आश्चर्य त्यांना नवरा जर्मनीला पोचल्याचे ऐकूनही वाटले नसते.

शकु रस्त्यावरच उभी होती. तिच्यामागून दोघे कोळीवाड्यातून धावत अंगणात पोचले, आणि आजोबा जागीच थबकले. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, ओळीने, जबडे एकमेकांत अडकवून. आणि त्या साऱ्यांच्या वर, सर्वांत उंच बांबूला, आठल्यांच्या घराण्याचे सोवळ्याचे रेशमी उपरणे डौलाने टांगले होते.

"भुईवर ठेवायचं नव्हतं ना," शकु म्हणाली. "आणि कुणाचा हात लागायला नको. म्हणून सगळ्यांत वर बांधलं. रात्री सासूबाई राखणीला इथंच झोपल्या, एकटं नको म्हणून."

बांबूवर चढून तिने गाठोडे सोडले आणि दोन्ही हातांनी आजोबांच्या ओंजळीत ठेवले. आजोबांनी ते मस्तकाला लावले. मग चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी श्वास रोखला. पासपोर्ट आत होता. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, सारे जागच्या जागी होते. वास तेवढा नवा होता.

"रस्त्याने गेलात तर विमान उडालेलं असेल," दोघांना जवळच्या धक्क्यावर नेत शकु म्हणाली. "बोटीनं वेसाव्याला उतरा. तिथून विमानतळ जवळ. पण..." ती एकदम घुटमळली. "पण सर, काल वेसाव्याचा बाजार करून मी याच बोटीनं आणलंय हो गाठोडं. आता त्याच वाटेनं म्हणजे मागंच फिरणं झालं ना?"

इरावतीने आजोबांकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते. अडीच वर्षांचा अभ्यास, मुलाखती, शिष्यवृत्ती, सारे आता आजोबांच्या एका नियमावर येऊन अडले होते. धक्क्यावरचा माणूस बोट सुटत असल्याची हाक देत होता. आजोबांनी डोळे मिटले. शास्त्राचा अर्थ लावताना ते नेहमीच डोळे मिटत. फक्त आज फार लवकर उघडले.

"नाही," ते म्हणाले. "प्रवाशाने गाठोडे हाती घेतले की प्रस्थान संपते. मग प्रवास सुरू होतो. प्रवासाला मागेपुढे नाही. चल!"

आणि पाण्याला बिचकणारे आजोबा, गाठोडे छातीशी धरून, नातीच्याही आधी बोटीत शिरले.

खाडी लहानशीच. पण बोट किनाऱ्यापासून सुटली, वारा खांद्यावरच्या उपरण्यात भरला, बगळ्यांची एक रांग पाण्याला घासून गेली, आणि आजोबांच्या मुखावर काहीतरी विलक्षण घडू लागले. एवढी वर्षे वर्गात वर्णन केलेला समुद्र त्यांना आज ओला लागत होता. ते कठड्याजवळ सरकले. एक तुषार चष्म्यावर आला, तो त्यांनी पुसला नाही.

"इरा," ते हळूच म्हणाले, "हे समुद्रोल्लंघन झाले, नाही का गं?"

"खाडी आहे आजोबा."

"समुद्राचेच पाणी आहे. तुझ्याआधी मी केले." बोट वेसाव्याला लागली तेव्हा त्यांनी नावाड्याला विचारले, "परतीची फेरी लगेच असते का?" इरावतीने त्यांना दंडाला धरून रिक्षात कोंबले.

विमानतळाच्या दारात यज्ञेश आणि पद्मजाबाई टाचा उंचावून उभे होते. पासपोर्ट हातात घेताच पद्मजाबाईंनी नाकाला पदर लावला. "हे काय? कसला वास हा?"

"पाश्चात्य," आजोबा म्हणाले.

हसू आणि रडू एकत्र येऊन इरावतीची फजिती झाली. सगळ्यांच्या पाया पडून ती आजोबांपाशी आली, वाकली, आणि वाकलेलीच राहून तिने विचारले, "आजोबा, एक शंका आहे. शकुताईने गाठोडं कुणाच्या हातात दिलं?"

"माझ्या."

"आणि बोटीत कुणी नेलं? इथपर्यंत कुणी आणलं?"

"मीच," म्हणता म्हणता आजोबा थांबले.

"आणि जो गाठोडं हाती घेतो तो प्रवासी. तुम्हीच म्हणालात, धक्क्यावर, साक्षीदारासमोर. म्हणजे शास्त्राप्रमाणे प्रवासाला कोण निघालंय, आजोबा?" ती सरळ झाली, त्यांना घट्ट मिठी मारली. "दिवाळीत वाट बघते. निघालेल्याने परत फिरायचं नसतं ना?" आणि सामानाची गाडी ढकलत ती आत गेलीसुद्धा.

बिनतोड युक्तिवाद ऐकण्याची ही आजोबांची एका दिवसातली दुसरी वेळ होती.

थोड्या वेळाने आतून तिचा फोन आला. "आजोबा, झालं! त्या ऑफिसरने पासपोर्ट उघडला, थांबला, नाकाजवळ नेला. मला वाटलं, संपलं सगळं. तर म्हणतो कसा, 'वेसावा की मढ?' मी म्हटलं, मढ. त्याने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, आणि शिक्का मारला."

त्या आठवड्यात एकदा आजोबा यज्ञेशच्या मागे उभे राहून संगणकावर काहीतरी भरून घेताना दिसले, पण पद्मजाबाईंनी विचारले नाही. आणि पुढच्या गुरुवारी सकाळी ते स्नान करून, धुऊनही जरासे मढच राहिलेल्या त्या उपरण्यात काहीतरी बांधून, समोरच्या इमारतीत गेले. मागोमाग पद्मजाबाईही गेल्या.

शेवंतीबाईंनी गाठोडे ओळखले आणि हात मागे घेतले. "सर, ह्या आता कोणाचा?"

"माझे," आजोबा म्हणाले.

"अहो, पासपोर्ट तरी आलाय का तुमचा?" पद्मजाबाईंनी विचारले.

"यायचा आहे. पण मुहूर्त आजचा उत्तम आहे."

"मग यात बांधलंय काय?"

आजोबांनी गाठ जराशी सैल करून दाखवली. आत अक्षता होत्या, सुपारी होती, आणि मुंजीतली, शिवण उसवलेली, एक लहानशी झोळी होती. पद्मजाबाईंनी स्वतःच ती गाठ पुन्हा घट्ट बांधली.

"खंय धाडूचा, सर?" शेवंतीबाईंनी विचारले. "पश्चिमेकच?"

"तूर्त कुठेच धाडू नका," आजोबा म्हणाले. "फक्त कुणी मामा आला, तर त्याच्या हाती देऊ नका."