सदूनानांचे पाटे

सदूनाना खड्ड्यांना नावं ठेवत. म्हणजे अगदी बारसं करून. हातखंब्याच्या वळणावरचा तो ‘मामलेदार’, कारण त्याला टाळून पुढे जाता येत नाही. त्याच्या पुढचा ‘व्याही’, वरून सपाट आणि आत खोल. नाना आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. त्यांच्या जुन्या पिकअपमधून बर्फाच्या लाद्या मिरकरवाड्याच्या मासळीबंदरावर जात. बर्फ दणक्यांची तक्रार करत नाही, त्यामुळे वीस वर्षं गाडी आणि खड्डे गुण्यागोविंदाने नांदले.

मग सुमनला दिवस गेले. ही नानांची एकुलती लेक, पालीच्या पलीकडे दिलेली. आधी दोनदा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या वेळी डॉक्टरांनी बजावलं की तिला दणका म्हणून बसता कामा नये. पण बाळंतपण तर माहेरीच व्हायचं. नानांची बायको जाऊन आठ वर्षं झालेली, म्हणून सगळं करायचं माझ्या बायकोने कबूल केलं. सातव्या महिन्यात सुमनला आणायचं ठरलं आणि नानांची झोप उडाली.

“मास्तर, लेक म्हंजे काय बर्फ हाय?” हे मला दिवसातून दहादा.

एस.टी.चं नाव काढू देत नव्हते. टॅक्सीवाला दुसऱ्याच्या लेकीसाठी ब्रेक मारत नाही, असं त्यांचं ठाम मत. राहिली पिकअप. तिचे पाटे, म्हणजे चाकांवर कमानीसारखे बसवलेले पोलादी पट्टे, बर्फाच्या ओझ्यासाठी घातलेले आणि महाताठ. नरम पाटे मुंबईला भंगारात मिळतात असं कळलं. नानांनी तिथल्या पुतण्याला ट्रंक कॉल लावला. लाइन खरखरत होती, त्यामुळे अख्ख्या पोस्टाने ऐकलं.

“सुमन येतंय बाळंतपनाला! दोन पाटे पाठव, पाटे! जुने चालतील, पन नरम बग!”

आठ दिवसांनी पार्सल आलं. आत पितळी फुलं ठोकलेले दोन शिसवी पाट, आणि ‘नरम’ म्हणून त्यांवर लाल मखमली आसनं. सोबत चिठ्ठी होती: ‘काका, बारशाला जुने कशाला? नवेच पाठवलेत.’

नाना एका पाटावर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “ह्यांच्यावर गाडी बसवू का मी बसू?”

शेवटी त्यांनी प्रत्येक बाजूचे दोन-दोन पाटे काढले आणि त्या जागी स्कूटरच्या ट्यूबा दुमडून कोंबल्या. हवा सायकलच्या पंपाने भरायची. जास्त झाली की गाडी उडे, कमी झाली की बसे. अचूक हवा शोधण्यासाठी सुमनच्या जागी मागे गादीवर मी, पोटाला उशी बांधून. मी शाळामास्तर आहे, हे मुद्दाम सांगतो.

“मामलेदार गेला. पोटात काय वाटलं?”

“काही नाही.”

“खरं सांगा, भिडेखातर बोलू नका!”

एकदा मासळीबाजारासमोर ट्यूब फुटली. बायका टोपल्या टाकून पळाल्या, मी उशीसकट उठून बसलो. मला हसू येत होतं, पण नाना पांढरेफटक पडले होते. “आत सुमन असती तर?” एवढंच म्हणाले. तेव्हापासून मलाही धास्ती वाटू लागली. नानांनी एकात एक दुहेरी ट्यूबा घातल्या, तरी सकाळ-संध्याकाळ गाडीखाली शिरून त्या दाबून बघत.

ठरल्या दिवशी आम्ही रांगत रांगत तिच्या गावी पोचलो. सुमन खाटेवर पडून होती. डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले होते. बाळ ठीक होतं, तीही ठीक होती. पण आता तिला जागेवरून हलवायचंच नाही, बाळंतपण इथेच. “आमी हाव ना,” तिची सासू म्हणाली.

“बरोबर हाय, बरोबर हाय,” नाना म्हणाले. त्यांनी गाडीतली गादी उतरवली, सुमनच्या अंगाखाली घातली आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिली.

“बाबा, वेळेवर जेवता ना?” तिने विचारलं.

“जेवतो गो,” म्हणून ते अंगणात गेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

परत येतानाही गाडी तशीच रांगत होती. मी म्हटलं, “नाना, आता हाणा की. मागे कोणी नाही.”

ते रस्त्याकडेच बघत होते.

“मागं कोन नाय, मास्तर. पन पुढं घरी तरी कोन हाय?”