वाघघंटेचा कारखाना

मुलांनो, जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू द्या. एका जंगलात वाघघंटेचा कारखाना निघाला. ही घंटा गळ्यात बांधायची. वाघ जवळ आला की ती आपोआप खणखणायची, आणि मग हरणांनी पळायचं. एवढी साधी सोय, पण ती सुचेपर्यंत बरीच हरणं संपली होती.

घंटेच्या पोटात एक सर्किट बोर्ड असे. हे बोर्ड सुटे बनत नसत. एका मोठ्या पॅनलवर ते एकमेकांना चिकटून बनत, आणि मग थाळ्यातल्या वड्यांसारखे रेघेवरून कापून सुटे करायचे. त्यासाठी गोल पात्याचं एक यंत्र आणलं होतं. बोर्डावर तिळाएवढे नाजूक भाग बसवलेले असत. बोर्ड वाकला की ते आतल्या आत तडकत. वरून काही दिसत नसे.

हे यंत्र ठकूबाई चितळ चालवणार होती. तिचं पाडस लहान होतं, त्यामुळे ती जीव लावून शिकली होती.

पण उद्घाटनाशिवाय काम कसं सुरू होणार? या जंगलात पाहुणा बोलावल्याशिवाय साधा पाणवठाही उघडत नसत. आणि पाहुणा हवा तो मोठाच. व्यवस्थापक दगडोपंत वानर डोकं खाजवून दमले. वाघाहून मोठं जंगलात होतं तरी कोण? त्यांनी वाघालाच बोलावलं.

"महाराज, पहिला बोर्ड आपल्या हस्ते सुटा व्हावा," दगडोपंत वाकून म्हणाले.

वाघाने यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पॅनल गुडघ्यावर ठेवलं आणि ऊस मोडावा तसं मोडलं. कडाड्!

टाळ्यांवर टाळ्या पडल्या.

"असंच मोडत जा," वाघ म्हणाला. "आवाज छान येतो."

दुसऱ्या दिवसापासून सगळे गुडघ्यावर मोडू लागले. या पद्धतीला महाराज पद्धत असं नाव पडलं. यंत्र बिचारं गुपचूप कापायचं, त्यामुळे त्यावर काम चाललंय असं दगडोपंतांना वाटेचना. त्यांनी ते स्वयंपाकघरात काकड्या चिरायला देऊन टाकलं. ठकूबाईने आधी नाक मुरडलं. मग चारचौघांत टाळ्या मिळू लागल्या तशी तीही मोडू लागली. तिचा कडाड् सगळ्यांत खणखणीत निघाला. तिला शाल मिळाली.

तयार घंटा टेबलावर ठेवून, वाघाच्या वासाचं फडकं दाखवून तपासत. टेबलावर सगळ्या वाजत. गळ्यात बांधून चार उड्या मारल्या की आतला तडा फाके आणि घंटा मुकी होई. पण टेबल काही उड्या मारत नाही.

एके दिवशी पाणवठ्यावर वाघ आला. ठकूबाईने त्याला झुडपाआड पाहिलं.

"वाघ! पळा!"

तिची धाकटी जाऊ सोनकी पाणी पीतच राहिली. "काहीतरीच तुमचं, जाऊबाई! घंटा कुठे वाजली?"

सोनकी एवढंच बोलली. पुढचं बोलायला ती उरली नाही.

चौकशी झाली. घंटा निर्दोष आहे, वाघच चुकीच्या बाजूने आला, असा निष्कर्ष दगडोपंतांनी काढला.

ठकूबाईला सोनकीची घंटा गवतात सापडली; त्या गवताला अजून वाघाचा वास होता. बोर्डाची कड दाबली की ती वाजे, सोडली की गप्प होई. हा बोर्ड तिनेच गुडघ्यावर मोडला होता आणि घंटा जावेला हौसेने दिली होती. ती खूप रडली. शालीने डोळे पुसले, मग त्या शालीचाच तिला संताप आला.

ती स्वयंपाकघरात गेली. पात्यावरची काकडी पुसली. पॅनल जराही न वाकवता तिने एक बोर्ड कापला, घंटेत बसवला आणि ती घंटा पाडसाच्या गळ्यात बांधली.

पुढे कारखान्याचा वर्धापनदिन आला. पाहुणा तोच. वाघ मांडवात शिरला आणि एक घंटा खणखणू लागली. एकच.

"कुणाची ती?" दगडोपंत ओरडले. "पाहुण्यांसमोर शोभतं का हे?"

"साहेब, पाहुणा वाघ आहे," ठकूबाई म्हणाली. "म्हणून तर वाजतेय."

"मग बाकीच्या सगळ्या गप्प आहेत त्या काय वेड्या? ही एकटीच बिघडलेली आहे!"

हे सगळ्यांना पटलं. दगडोपंतांनी पाडसाच्या गळ्यातली घंटा ओढून काढली, आतला बोर्ड गुडघ्यावर धरला. कडाड्! मांडव टाळ्यांनी दणाणला. वाघानेही टाळ्या वाजवल्या.

ठकूबाई टाळ्या संपेपर्यंत थांबली नाही. पाडसाला पुढे घालून ती मांडवाच्या मागून जी सुटली ती डोंगरापलीकडे जाऊनच उभी राहिली.

"काय बाई उद्धट!" एक सांबरीण म्हणाली. "जेवायलासुद्धा थांबली नाही."

बाकीचे सगळे जेवायला थांबले. वाघही थांबला.

तात्पर्य: मुलांनो, पाहुण्यांसमोर वाजणारी घंटा नेहमी बिघडलेली समजावी. आणि पंगतीला बोलावलं की निमूट जावं. आपली जागा पानासमोर आहे की पानावर, असं विचारणं सभ्यपणाचं दिसत नाही.