पडद्याला ऊन लागू नये म्हणून

आमच्या समोरचे गावंडे गाडीत कांदा ठेवतात. खाण्यासाठी नव्हे. उन्हाळ्यात घराबाहेर पडताना आपल्याकडे माणूस खिशात कांदा टाकतो, लू लागू नये म्हणून. तसा गावंड्यांनी आपल्या नव्या गाडीच्या टचस्क्रीनसमोर एक पांढरा कांदा ठेवलेला असतो. दर सोमवारी तो बदलतात.

"माणसाले लू लागते, बैलाले लागते, मंग ह्याले काहून नाही लागणार जी?" असं ते मलाच विचारतात. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

त्या टचस्क्रीनला ते 'पडदा' म्हणतात. पडदा चांगला जेवणाच्या ताटाएवढा आहे. गाणी त्यात, नकाशा त्यात, मागचा रस्ता दाखवणारा कॅमेरा त्यात, आणि त्याला स्वतःचं सिमकार्डसुद्धा आहे. माझ्या बारा वर्षं जुन्या गाडीत एक रेडिओ आहे, तो चाक खड्ड्यात गेलं की लागतो आणि पुढच्या खड्ड्यात बंद पडतो. तेव्हा सरळच सांगून टाकतो, मी गावंड्यांवर जळतो. लपवून काय करू? आमच्या हिला तर ते आधीपासून माहीत आहे.

गावंडे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दिग्रस-पुसदच्या रस्त्यावर त्यांची उभी हयात गेली. बायको तीन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून घरात एकटेच. मुलगा पुण्याला मोठ्या नोकरीत. मागच्या दिवाळीत तो ही कोरी गाडी घेऊन आला, दोन दिवस राहिला, किल्ली बापाच्या हातात दिली आणि रात्रीच्या बसनं परत गेला. गल्लीत पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला, पण तो काही गोड लागला नाही.

माझा मुलगा दारव्ह्याला असतो. दर शनिवारी चारच्या सुमारास मोटारसायकलवर बायकोला मागे आणि माझ्या नातीला, चिमीला पुढे बसवून येतो, माझं लोणचं आणि हिची चटणी डब्यात भरून नेतो, आणि जाताना माझ्याच गाडीतलं पेट्रोल नळीनं काढून आपल्या टाकीत घालतो. शेजाऱ्याचा मुलगा बापाला गाडी देतो, माझा बापाची गाडी रिकामी करतो. आता जळायचं नाही तर काय करायचं?

आणि जळण्याचं खरं कारण तर पुढेच आहे. गल्लीत सावली देणारं एकच झाड, माझ्या कुंपणातला कडुलिंब. झाड माझं, पानगळ मी झाडायची, निंबोळ्या माझ्या अंगणात कुजायच्या, आणि सावली गावंड्यांच्या पडद्याला! सकाळी गाडी त्यांच्या दाराशी. अकरा वाजले की रस्त्यावर आलेल्या मोठ्या फांदीखाली, म्हणजे बरोबर माझ्या फाटकासमोर. पाच वाजता पीठगिरणीच्या भिंतीशी. सावली सरकली की गाडी सरकते. गिरणीवाला घड्याळ बघत नाही, गावंड्यांची गाडी बघून चक्की बंद करतो.

एवढ्यानं भागत नाही. गाडी उभी केली की आधी काचेवर चंदेरी पत्रा. मग पडद्यावर जुन्या गोधडीची शिवलेली टोपी, तिला बंदही आहेत. त्यावर ओला करून पिळलेला दुपट्टा, ड्रायव्हर लोक गळ्यात घालतात तसा. मग कांदा. शेवटी काच दोन बोटं खाली, "वाफ निघाली पाहिजे" म्हणून. एवढा साजशृंगार आमच्याकडे नवरीचाही होत नाही. आणि एवढं करून ती गाडी जाते कुठे? भाजीला, दवाखान्यात, फार तर पुसदला कुणाच्या लग्नाला. तेही नकाशा न लावता. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "लावा की नकाशा, बाई रस्ता सांगते म्हणतात."

"मले?" गावंडे केवढ्यानं हसले. "गुरुजी, मी आजवर कोनाले रस्ता पुसला नाही. ते बाई काय सांगन मले!"

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. शनिवारी त्यांचं वेळापत्रक बिघडायचं. चार वाजताच, फांदीखाली चांगली गार सावली असताना, ते गाडी गिरणीपाशी न्यायचे. तिथं तेव्हा रखरखीत ऊन. मग स्वतः आत बसून काचेला काळी छत्री लावून धरायचे, तासभर. माझ्या मुलाच्या मोटारसायकलचा धक्का लागेल या भीतीनं हा माणूस गाडी हलवतो, अशी माझी खात्री झाली. हा सरळ अपमान होता.

त्यात मे महिन्यात ही एकदा म्हणाली, "पाहा, गावंडेभाऊ वस्तू कशी जपतात. नाहीतर तुम्ही." त्या दिवशी मी ठरवलं, फांदी तोडायची.

कारण तयार होतंच. फांदी विजेच्या तारांना लागते. ती लागत नव्हती, पण लागू शकली असती. गुरुवारी सकाळी कुऱ्हाडवाल्याला बोलावून आणलं. फांदी कडकड मोडून रस्त्यावर पडली तेव्हा गावंडे बाहेर आले. मला वाटलं, आता भांडतील. मी दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती.

त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग आतून गडवाभर पाणी आणून कुऱ्हाडवाल्याला दिलं. "तुमचं झाड हाय गुरुजी," एवढंच बोलले आणि काटक्या ओढून बाजूला करू लागले. माणूस भांडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी ते डोळे तपासायला बसनं यवतमाळला गेले. डोळ्यात औषध घालतात म्हणून गाडी नेली नाही. फांदी असती तर ते गाडी तिच्याखाली लावून गेले असते. आता ती त्यांच्या दारात उभी राहिली आणि अकरानंतर ऊन तिच्यावर उतरलं ते हललंच नाही. मी खिडकीतून पाहत होतो. खोटं कशाला बोलू, पहिला तासभर मला बरं वाटत होतं. दुपारी मात्र अर्ध्या जेवणावरून उठून एक चादर घेऊन फाटकापर्यंत गेलो, आणि लोक काय म्हणतील म्हणून परत आलो.

साडेपाचला गावंडे आले. पिशवी ओट्यावर टाकून तसेच गाडीत शिरले. बराच वेळ बाहेर येईनात. मी गेलो. चारही दारं सताड उघडी. पडदा काळाठिक्कर. दुपट्टा वाळून पापडासारखा झालेला. आणि गावंडे हातातल्या पुठ्ठ्यानं पडद्याला वारा घालत होते, तापलेल्या लेकराला घालावा तसा.

"चालू नाही होऊन राह्यला," ते म्हणाले. औषधानं डोळे लाल झाले होते, की दुसऱ्या कशानं, मला कळलं नाही.

"थंड झाला की होईल," मी म्हटलं. निदान हे विज्ञान मला येत होतं. "आणि नाहीच झाला तर नवा बसवता येतो."

"नवा येईन हो. पन याच्यातला पत्ता कुठून येईन?"

"कसला पत्ता?"

"पोराच्या घराचा. दिवाळीत त्यानंच आपल्या बोटानं टाकला याच्यात. म्हने बाबा, हे दाबा, हे तुमाले माझ्या दारापर्यंत आनून सोडते. नवं घर घेतलं न त्यानं."

"मग फोन करून विचारा की त्याला!"

गावंड्यांचा हात थांबला. "गुरुजी, पत्ता पुसला त त्याले वाटन, बुढा येऊन राह्यला. त्यानं 'या' म्हनलं पाहिजे न जी. बापानं काय पोराचा पत्ता मांगावा?"

मी बाजूच्या सीटवर बसलो. पुठ्ठा त्यांच्या हातातून घेतला आणि वारा घालू लागलो. दुसरं काय करणार होतो? फांदी परत चिकटत नाही.

मग ते स्वतःच बोलले. "तुमी मनात आनू नका. मीही काही साधा नाही. शनिवारी तुमच्या पोराची गाडी दारात येते, ते नात ओरडते आबा आबा... मले पाहवत नाही. म्हनून मी गिरनीकडे पळून जातो. लय जळतो मी तुमच्यावर."

एवढे दिवस मी एकटाच जळतोय असं समजत होतो.

अंधारायच्या आधी पडदा उजळला. गावंड्यांनी धोतरानं बोट पुसलं आणि 'घर' लिहिलेल्या खुणेवर ठेवलं. एक निळी रेघ आमच्या दिग्रसहून निघाली आणि पार पुण्यात जाऊन थांबली. खाली वेळ आली, दहा तास वीस मिनिटं. रोज संध्याकाळी ते हेच करतात. रस्त्यात गर्दी असली की वेळ वाढतो, नसली की कमी होतो.

"काल साडेदहा तास होते," ते म्हणाले. "आज पोरगा धा मिनिटं जवळ हाय."

शनिवारी सकाळी मी चार बांबू पुरले आणि माझ्या कुंपणापासून रस्त्यापर्यंत हिरवी जाळी ताणली. ही खिडकीत उभी राहून पाहत होती. मग न मागता चहा आणून दिला. मी स्वयंपाकघरातला चांगला मोठा कांदाही निवडून गावंड्यांना दिला.

चार वाजता गावंडे बाहेर आले. जाळीखालच्या गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली. मी धावत जाऊन दुसऱ्या दारानं आत बसलो.

"राहू द्या इथंच," मी म्हटलं. "आधी पाहू, आज किती लांब आहे."

त्यांनी टोपीचे बंद सोडले आणि बोट ठेवलं. निळी रेघ सावकाश पुण्याकडे निघाली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी माझ्या मुलाच्या मोटारसायकलचा आवाज आला. आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या पोराला यायला अजून थोडा उशीर व्हायला हवा होता.