एकवीस अपॉइंटमेंट आणि एक अंगठा

"मामा, तू आजवर एक तरी चोर पकडलायस का रे?"

भिंगरीने हे विचारलं आणि मागे पायरीवर बसलेल्या तिच्या तिन्ही मैत्रिणींनी श्वास रोखला. ती हे विचारूच शकणार नाही, अशी पैज त्यांनीच लावली होती. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात 'हजर' इतक्या हळू म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. यंदा तिच्या घशाचं झाकण असं काही उडालं होतं की शेजारीपाजारी ते परत बसवायला कुणी मिळेल का याची चौकशी करत होते.

मामा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर इतरांना नीट दिसावं म्हणून झटायचा आणि दुकान बंद झालं की गुप्तहेर व्हायचा. त्याने कॉलर ताठ केली.

"पकडणं? पकडापकडी हा मैदानी खेळ आहे, भाचेबाई. त्यासाठी हवालदार असतात. मी ओळखतो. माणसाच्या चपलेवरून मी त्याचा स्वभाव सांगतो, स्वभावावरून गुन्हा सांगतो आणि गुन्हा अजून व्हायचा असेल तर वार सांगतो. माझी नजर म्हणजे एक्स-रे. माझं नुसतं गप्प बसणं म्हणजे समोरच्याचा अर्धा कबुलीजबाब. शहरातले निम्मे गुन्हेगार माझ्या धाकाने गुन्हेच करत नाहीत. मग पकडू कुणाला?"

"आणि उरलेले निम्मे?"

"त्यांच्यापर्यंत माझं नाव अजून पोचायचंय."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. भिंगरी पैज जिंकली, पण जिंकल्यावर जे नाचायचं असतं ते राहूनच गेलं, कारण आतून आईचा फोनवरचा आवाज आला. "हो डॉक्टर. कळलं. शनिवारपर्यंत. हो."

हा आवाज भिंगरीच्या ओळखीचा होता. आईने दुसऱ्या शहरातली नोकरी सोडायच्या आधी असाच असायचा तो, इस्त्री केलेला. तेव्हा आई फक्त रविवारी घरी असायची आणि सोमवारी सकाळी न्हाणीघरात फक्त तिच्या शाम्पूचा वास असायचा. वर्षभरापूर्वी तिने नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलावर स्वतःचं काम मांडलं: लोकांसाठी मोबाइलची अ‍ॅप बनवायची. पहिलं अ‍ॅप हाडांच्या दवाखान्याचं. पेशंटने घरबसल्या वेळ ठरवायची आणि ठरल्या वेळी यायचं. दिसायला इतकं देखणं की बाबा म्हणाले, "एखादं हाड मोडून घ्यावंसं वाटतंय."

आणि आता तीन आठवड्यांत एकवीस पेशंटांच्या अपॉइंटमेंट आपोआप रद्द झाल्या होत्या. पेशंट यायचे, नाव सापडायचं नाही, मग भांडणं. डॉक्टरबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं: शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर अ‍ॅप बंद, पुन्हा वही. आणि अ‍ॅप बंद पडलं तर सोमवारपासून आई पुन्हा जुन्या ऑफिसात. त्यांनी तिची खुर्ची रिकामी ठेवली होती म्हणे. भिंगरीला त्या खुर्चीचा भयंकर राग आला.

"ताई," मामा म्हणाला, "हे प्रकरण मी हातात घेतलं."

"नको घेऊस."

"घेतलंसुद्धा."

साहाय्यक म्हणून भिंगरीची नेमणूक झाली. कामाचं स्वरूप: वही धरणे, पाणी आणणे आणि अधूनमधून 'कमाल आहे मामा' म्हणणे. पहिली दोन कामं तिला जमली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं दवाखान्यात पोचले. मामाने ओळख लपवण्यासाठी डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत खोटं प्लास्टर चढवलं होतं. आतल्या खुर्च्या एकाच लोखंडी दांड्यावर ठोकलेल्या, त्यामुळे एक जण धपकन बसला की बाकीचे चार जण थोडे उडायचे. भिंतीवर सांगाड्याचं चित्र. टेबलामागे नोंदणीच्या मावशी, समोर संगणक.

"या चष्मेवाले," मावशी म्हणाल्या. "पायाला काय झालं?"

मामाने भिंगरीकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. "या बाईला मी कोण ते माहीत आहे. लिही."

"मामा, त्यांचा चष्मा तूच बनवलायस."

"लिही म्हटलं ना!"

पहिला संशयित दवाखान्यासमोरच सापडला. रस्त्यापलीकडे एक मालिशवाला होता आणि त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हाडाचं दुखणं हाताने घालवू'. हेतू उघड होता. इकडच्या वेळा रद्द झाल्या की पेशंट तिकडे. तो अदृश्य लहरी सोडून अ‍ॅपमध्ये घुसतो, असं मामाचं मत पडलं. लहरी मोजायला मामा त्याच्या दारासमोरून हातात फोन धरून सात वेळा लंगडत गेला. आठव्या वेळी मालिशवाल्याला दया आली. त्याने मामाला धरून आत नेलं, बाकावर आडवं केलं आणि चांगला पाऊण तास खांदे रगडले. त्याचा फोन बटणांचा, रबराने बांधलेला निघाला. लहरी सोडणं दूरच, त्यावर धड ऐकूही येत नव्हतं.

"निर्दोष," बाहेर येऊन मामा म्हणाला. "हाताला गुण आहे पण."

दुसऱ्या दिवशी संशय मावशींवर गेला. "बावीस वर्षं जिच्या हाती वही, तिच्या हाती आता नुसता संगणक! सत्ता गेली की माणूस काय करतो? बंड!"

"मामा, मावशी मागच्या आठवड्यात चार दिवस आजारी होत्या. त्या चार दिवसांत आठ रद्द झाल्या."

"म्हणजे घरून केल्या."

"त्यांच्याकडे घरी संगणक नाहीये."

"हेच तर संशयास्पद आहे! असा कसा नाही?"

मामा मावशींवर नजर ठेवून बसला आणि मावशी मामावर. भिंगरीला कंटाळा आला, म्हणून ती सरळ पेशंटांशी बोलायला लागली. गेल्या वर्षी हे तिच्याच्याने झालं नसतं. आता तिने एकेकाला गाठून विचारलं, कोण, काय मोडलं, कधी रद्द झाली. वही भरली आणि एका पानावर तिचं बोट अडलं.

"मामा, ऐक ना. एकवीसच्या एकवीस जणांचा उजवा हात मोडलाय. खांदा, कोपर, मनगट. पाय मोडलेल्या एकाचंही नाव गेलेलं नाही."

"साहजिक आहे. पाय मोडलेल्यांना पळता येत नाही, म्हणून ते प्रामाणिक असतात." मामाने डोळे बारीक केले. "पण तू नकळत मला दिशा दिलीस. पेशंट स्वतःच रद्द करतायत! हात मोडलेल्या माणसाला घरात काम नसतं. प्लास्टर निघूच नये असं त्याला वाटतं. कट आहे हा, भाचेबाई. आळशांचा कट!"

हा सिद्धांत त्याने शेजारच्या ट्रक ड्रायव्हरला ऐकवला. ड्रायव्हरचं कोपर मोडलं होतं आणि त्याचीही वेळ गायब झाली होती.

"अहो साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "तीन आठवडे झाले, पाठ खाजवता येत नाहीये. अन् मी मुद्दाम रद्द करीन? दुसरा हात शाबूत आहे माझा, दाखवू का?"

मामाने तो सिद्धांत तूर्त मागे घेतला.

शुक्रवार उजाडला. घरी आईने कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली होती. भिंगरीने शाळेतून येता येता ती पाहिली, दप्तर टाकलं आणि न खाताच दवाखाना गाठला. मामा निर्णायक पाऊल उचलायच्या बेतात होता. मालिशवाला निर्दोष असला तरी 'अती निर्दोष' असल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं आणि रस्त्यापलीकडच्या त्या खिडकीत डोकावायला उंची हवी होती. मामा डॉक्टरबाईंच्या चाकांच्या स्टुलावर चढला.

चाकांनी चाकांचं काम केलं.

डॉक्टरबाई धावत आल्या. एक्स-रे काढला. उजवं मनगट. प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी डाव्या पायावर बोटाने टकटक केलं. "आणि हे कुणी घातलं?"

"ते तपासासाठी आहे."

"तपासलं. काढा."

अशा रीतीने मामाच्या पायाचं खोटं प्लास्टर निघालं आणि हाताला खरं बसलं.

"पुढच्या शुक्रवारी दाखवायला यायचं," मावशी म्हणाल्या. "वेळ अ‍ॅपवर घ्या. वहीत लिहीत नाही आम्ही आता." हे म्हणताना त्यांनी एक बारीक सुस्कारा सोडला, तोही मामाने मनात नोंदवला.

मामाने फोन डाव्या हातात धरला. वार निवडला, वेळ निवडली. 'नक्की करा' हे बटण वर उजव्या कोपऱ्यात होतं. त्याने अंगठा ताणला, जीभ बाहेर काढली, अंगठा अजून ताणला. पडद्यावर सुरेख हिरवी खूण उमटली: 'झालं! धन्यवाद.'

"बघितलंस? माझ्यासमोर गुन्हेगाराची हिंमतच झाली नाही."

"नाव आलं," मावशी संगणकाकडे बघत म्हणाल्या, "आणि गेलं."

मामा ताडकन उठला. "हल्ला! मी इथे आहे हे त्याला कळलंय! दारं लावा! कुणी हलायचं नाही!"

हलण्याच्या स्थितीत तसंही कुणी नव्हतं.

"अहो, ओरडताय कशाला?" मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हीच रद्द केलंत की. माझ्या डोळ्यांदेखत. वरचं बटण गाठायला अंगठा ताणलात, आणि त्याच अंगठ्याच्या बुडाने खालचं दाबलं गेलं. खाली डावीकडे काय लिहिलंय ते वाचा."

खाली डावीकडे लिहिलं होतं 'रद्द करा'.

"पण हिरवी खूण आली!"

"रद्द केलं तरी तीच येते वाटतं."

मग ट्रक ड्रायव्हरने आपला फोन काढला, डाव्या हातात धरला, अंगठा ताणला आणि एक लांबलचक "आयला!" उच्चारला.

"मावशी, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" भिंगरीने विचारलं.

"लोक घरून करतात गं, मला कसं दिसणार? आणि मला विचारलं कुणी? हे तर माझ्यावर पाळत ठेवून बसलेले."

भिंगरी घरी पळत सुटली. आईने सगळं ऐकून घेतलं. ओढणीने स्वतःचा उजवा हात गळ्यात बांधला आणि डाव्या हाताने वेळ घेतली. हिरवी खूण. रद्द. पुन्हा घेतली. रद्द. तिसऱ्यांदाही रद्द झाल्यावर ती खुर्चीत बसली.

"शंभर वेळा तपासलं होतं मी. टेबलावर ठेवून. दोन्ही हातांनी."

"हाडांच्या दवाखान्याचं अ‍ॅप," बाबा हळूच म्हणाले, "आणि चालवायला दोन धड हात लागतात."

आईने त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि मग तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्यात सगळंच हसू नव्हतं, हे भिंगरीला कळलं.

त्याच संध्याकाळी 'नक्की करा' मधोमध आलं, लांबरुंद, कुठल्याही हाताच्या अंगठ्याला सापडेल असं. 'रद्द करा' दुसऱ्या पानावर गेलं आणि दाबलं की 'खरंच रद्द करायची?' असं विचारू लागलं. हिरवी खूण फक्त नक्की झाल्यावरच. शनिवारी अकरा हातवाल्यांनी वेळा घेतल्या आणि अकराच्या अकरा टिकल्या. डॉक्टरबाईंचा फोन आला: अ‍ॅप राहू दे.

रविवारी मामा जेवायला आला तोच तपासाचा अहवाल सांगत. "गुन्हेगाराच्या मनात शिरायचं तर आधी त्याच्यासारखा हात मोडून घ्यावा लागतो. स्टूल हा माझ्या योजनेचाच भाग होता."

कुणी ऐकत नव्हतं. आई बॅगेत कपड्यांच्या घड्या ठेवत होती.

"अगं, अ‍ॅप वाचलं ना?" बाबा म्हणाले.

"हे वाचलं. पुढचं? मी इथे टेबलावर बसून छान छान बटणं काढणार. लोक ती कशी दाबतात ते मला दिसतच नाही. ऑफिसात त्यासाठी वेगळी माणसं असतात, नुसती बघणारी. माझ्याकडे कोण आहे?"

भिंगरी उभी राहिली. खुर्ची मागे पडली, ती तिने पडू दिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मामाची गुप्तहेर एजन्सी मी सोडली. सॉरी मामा, हात सांभाळ. उद्यापासून शाळा सुटली की रोज तासभर मी दवाखान्यात बसणार. मावशींना विचारून झालंय. लोक फोन कसा धरतात, कुठे अडतात, काय चुकून दाबतात, ते सगळं बघणार आणि घरी येऊन तुला सांगणार. चुका सांगितल्यावर तू रुसायचं नाहीस. आणि हो, त्या घड्या काढून ठेव. कारण उद्या सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता तू मला दवाखान्यातून घ्यायला येणार आहेस."